क्वार्क आणि लेप्टॉन संयुक्त कण असू शकतील का? खरी अडचण वस्तुमानाची आहे

प्रश्न असा विचारला गेला आहे: इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ हाइम हरारी यांच्या १९७९ मधील रिशॉन प्रारूपात क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉनचे घटक) आणि लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो आणि त्यांचे जातभाई) यांचा सगळा पसारा अवघ्या दोन कणांत बसतो, मग इतके सुटसुटीत प्रारूप एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात का शिकवले जात नाही, आणि आज या विषयावर काम करण्यात काही अर्थ आहे का? विचारणारा विद्यार्थी आहे आणि त्याने स्वतःही असे एक कोष्टक तयार केलेले दिसते. मी बरीच वर्षे कणभौतिकी शिकवली आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी असेच कोष्टक घेऊन माझ्यासमोर बसलेले असते, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

बहुतेक लेखांत असे वाचायला मिळते की प्रिऑन, म्हणजे क्वार्क आणि लेप्टॉन ज्यांचे बनले असावेत असे कल्पिलेले घटक, प्रयोगात सापडले नाहीत, म्हणून ती कल्पना मागे पडली. हे खरे असले तरी दुय्यम आहे. मुख्य कारण असे की क्वार्क किंवा इलेक्ट्रॉन जर लहान घटकांचा बनलेला असेल, तर त्याच्या आकाराच्या मानाने तो कल्पनेपलीकडे हलका आहे, आणि असा हलका संयुक्त कण कसा तयार व्हावा याचे पटणारे उत्तर कोणत्याही सुटसुटीत कोष्टकात नाही.

आधी कल्पनेचे आकर्षण समजून घेऊ, कारण ते उगाच नाही. मेंडेलेयेव्ह यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची सारणी मांडली. तिच्यातील पुनरावृत्ती अणूच्या अंतर्रचनेमुळे आहे हे इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्र हाती आल्यावर उलगडले. १९६१ मध्ये हॅड्रॉनांची, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची, आठ-आठ आणि दहा-दहांच्या गटांत मांडणी झाली, १९६४ मध्ये त्यामागे क्वार्क असल्याचे सुचवले गेले आणि १९६८ पासून स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकावरील प्रयोगांत प्रोटॉनच्या आत कठीण, बिंदुवत काहीतरी असल्याचे दिसू लागले. आता क्वार्क सहा प्रकारचे, प्रत्येकाचे तीन रंग (रंग हा इथे एका प्रकारचा भार, डोळ्यांना दिसणारा रंग नव्हे), म्हणजे अठरा. त्यात सहा लेप्टॉन मिळवले की चोवीस, आणि प्रतिकण धरले तर अठ्ठेचाळीस. शिवाय त्यांच्या तीन पिढ्या, पहिलीची जणू कार्बन कॉपी असलेली दुसरी आणि तिसरी. इतिहास पाहता इथेही आणखी एक थर असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे.

ओडिशात जन्मलेले जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी १९७४ मध्ये अशा घटकांना प्रिऑन हे नाव दिले. जपानमध्ये तेराझावा आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये सबक्वार्कांचे प्रारूप मांडले. त्यानंतर नावांचा पूरच आला: रिशॉन, हॅप्लॉन, आणखी कितीतरी. कण हाती नसताना त्यांच्या बारशावरून चाललेली ही धांदल म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असे तेव्हाही काही जण म्हणत असत.

हरारी यांचे प्रारूप आणि त्याच वेळी मायकेल शूप यांनी स्वतंत्रपणे सुचवलेले जवळजवळ तेच प्रारूप या सर्वांत देखणे आहे. रिशॉन म्हणजे हिब्रूत पहिला, आद्य. त्यांचे दोन प्रकार, तोहू आणि वोहू. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टीपूर्वीच्या निराकार, रिक्त अवस्थेसाठी आलेल्या शब्दांवरून ही नावे घेतली आहेत. आपण त्यांना ‘त’ आणि ‘व’ म्हणू. ‘त’चा विद्युत भार एक तृतीयांश, ‘व’चा शून्य. तीन-तीनांचे गट करायचे, एवढाच नियम. ‘ततत’चा भार १, तो पॉझिट्रॉन. ‘ततव’चा दोन तृतीयांश, तो अप क्वार्क. ‘तवव’चा एक तृतीयांश, तो डाउनचा प्रतिक्वार्क. ‘ववव’चा शून्य, तो न्यूट्रिनो. प्रति-त आणि प्रति-व यांचे गट केले की इलेक्ट्रॉन, डाउन क्वार्क आणि उरलेले मिळतात. आता क्रम लक्षात घ्या: ‘ततव’, ‘तवत’, ‘वतत’ असे तीन क्रम होतात, आणि अप क्वार्कला तीनच रंग असतात; ‘ततत’चा क्रम एकच, आणि पॉझिट्रॉनला रंग नसतो. फळ्यावर हे लिहिले की वर्ग क्षणभर गप्प होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

याच कोष्टकातली आणखी एक गंमत सहसा सांगितली जात नाही. हायड्रोजनचा अणू घ्या: दोन अप, एक डाउन आणि एक इलेक्ट्रॉन. दोन अपमध्ये चार ‘त’ आणि दोन ‘व’; डाउनमध्ये एक प्रति-त आणि दोन प्रति-व; इलेक्ट्रॉनमध्ये तीन प्रति-त. बेरीज केली तर चार ‘त’, चार प्रति-त, दोन ‘व’ आणि दोन प्रति-व. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे भार परस्परविरुद्ध आणि तंतोतंत सारखे का, हा प्रश्न इथे उरतच नाही, आणि विश्वात द्रव्य जास्त व प्रतिद्रव्य कमी का, हा प्रश्नही या पातळीवर वेगळ्या स्वरूपात मांडावा लागतो.

पण हे सारे अंकगणित आहे. त्यात बल नाही, गतिकी नाही. हे तीन कण एकत्र का राहतात, दोनच किंवा पाच का राहत नाहीत, याला उत्तर नाही. परिवलन, म्हणजे स्पिन, अर्धे असलेले तीन कण एकत्र आले की एकूण परिवलन अर्धे किंवा दीड होऊ शकते. मग दीड परिवलनाचा इलेक्ट्रॉन कुठे आहे? हरारी यांना हे अर्थातच ठाऊक होते. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि नेथन सायबर्ग यांनी मिळून रिशॉनांना रंगाबरोबर अतिरंगही देऊन, म्हणजे क्वार्कांना बांधणाऱ्या प्रबल बलासारखेच, रिशॉनांना बांधून ठेवणारे एक नवे बल कल्पून, प्रारूपाला गतिकी देण्याचा प्रयत्न केला. खरी परीक्षा तिथून सुरू झाली.

वस्तुमानाचा मुद्दा स्वतः आकडे मांडून पाहावा. एखादा कण लहान जागेत कोंडला की अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे त्याला किमान काही संवेग असावाच लागतो. जागा जितकी लहान, तितका संवेग मोठा. हिशोबासाठी एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरतो: २π ने भागलेला प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे १९७ एमईव्ही-फेम्टोमीटर. एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट; हे ऊर्जेचे एकक, आणि कणांची वस्तुमानेही यातच सांगतात. फेम्टोमीटर म्हणजे मीटरच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग. फेम्टोमीटरमधील आकाराने या १९७ला भागले की कोंडलेल्या घटकाची ऊर्जा सुमारे किती असेल ते एमईव्हीमध्ये मिळते.

हायड्रोजनच्या अणूची त्रिज्या सुमारे ५३,००० फेम्टोमीटर. भागाकार ०.००३७ एमईव्ही येतो, आणि अणूचे वस्तुमान जवळजवळ ९३९ एमईव्ही आहे. म्हणजे कोंडमाऱ्याची ऊर्जा वस्तुमानाच्या अडीच लाखांत एक भाग आहे. घटकांची वस्तुमाने मिळवा, किंचित बंधनऊर्जा वजा करा, काम झाले. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर, भागाकार २३५ एमईव्ही, वस्तुमान ९३८. इथे दोन्ही एकाच मापाचे आहेत, आणि प्रोटॉनचे बहुतेक वस्तुमान क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानातून येत नसून या कोंडमाऱ्यातून आणि ग्लुऑनांच्या, म्हणजे क्वार्कांना जोडून ठेवणाऱ्या कणांच्या, क्षेत्रातून येते. आता इलेक्ट्रॉन. त्याला आकार असलाच, तर तो फेम्टोमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान आहे, हे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील लेप त्वरकावरील मोजमापांपासून माहीत आहे. भागाकार १,९७,००० एमईव्ही. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान? ०.५११ एमईव्ही. आतल्या एकेका घटकाची ऊर्जा पूर्ण कणाच्या वस्तुमानाच्या जवळजवळ चार लाखपट! अणूत जे प्रमाण एका बाजूला झुकलेले होते, ते इथे तितकेच दुसऱ्या बाजूला झुकलेले आहे, आणि न्यूट्रिनोची गोष्ट तर काढायलाच नको.

यावर विद्यार्थी हमखास म्हणतात की बंधनऊर्जा ऋण असते, ती ही वाढ भरून काढेल. काढेलही, पण चार लाख रुपयांच्या जमेतून चार लाखांचा खर्च वजा जाऊन शिल्लक नेमकी एक रुपया राहावी, आणि हा योग एका इलेक्ट्रॉनच्या बाबतीत नव्हे तर अप, डाउन, म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) अशा प्रत्येकाच्या बाबतीत वेगवेगळ्या शिल्लकेने जुळून यावा, अशी ती मागणी आहे. एखाद्या सममितीने शिल्लक शून्य ठेवली असेल तरच हे पटण्यासारखे आहे.

अशी सममिती माहीत आहे. वस्तुमान शून्य असलेल्या अर्ध्या परिवलनाच्या कणाचे डावे आणि उजवे घटक एकमेकांत मिसळत नाहीत. या दोघांना स्वतंत्रपणे फिरवता येण्याच्या मुभेला कायरल सममिती म्हणतात. प्रिऑनांना बांधणारे बल प्रबळ होऊनही ही सममिती शाबूत राहिली, तर संयुक्त कणाचे वस्तुमान शून्य राहते, आणि सममिती जराशीच भंगली तर जरासेच वस्तुमान मिळते. पण सममिती शाबूत राहू शकते का, याची एक कठोर चाचणी जेरार्ड ’ट हूफ्ट यांनी १९७९ मध्ये कॉर्सिका बेटावरील कार्गेझच्या उन्हाळी शाळेत मांडली. मला विचाराल तर या विषयातला सर्वांत टिकाऊ निष्कर्ष हाच, आणि अभ्यासक्रमात जागा द्यायचीच असेल तर ती याला द्यावी. पुंज पातळीवर कायरल सममितीत काही विशिष्ट दोष निर्माण होतात, त्यांना विसंगती म्हणतात, आणि त्यांचे माप कणांच्या भारांच्या साध्या बेरजांनी मोजता येते. ’ट हूफ्ट यांचे म्हणणे असे की मूळ प्रिऑनांवरून काढलेली ही बेरीज आणि वस्तुमानरहित संयुक्त कणांवरून काढलेली बेरीज तंतोतंत जुळलीच पाहिजे. जुळत नसेल, तर सममिती भंगणार आणि कण जड होणार.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, कारण ते हातावर मोजण्याइतके सोपे आहे. १९८० मध्ये डिमोपोलस, रॅबी आणि ससकिंड यांनी हलक्या संयुक्त कणांसाठी ज्या जातीच्या सिद्धांतांचा विचार केला, त्यांतला हा सर्वांत लहान आहे. बांधणारे बल एसयू(५) या गणिती सममिती-गटाचे. प्रिऑन दोन प्रकारचे: एक दहा घटकांचा, दुसरा पाच घटकांचा. या सिद्धांतात एक अक्षय्य भार असतो. तो दहाच्या प्रकाराला १ आणि पाचच्या प्रकाराला उणे ३ असा बसतो, कारण तेव्हाच बांधणाऱ्या बलाशी त्याचा संघर्ष होत नाही. आता भारांची बेरीज: दहा गुणिले १, अधिक पाच गुणिले उणे ३, म्हणजे उणे ५. भारांच्या घनांची बेरीज: दहा गुणिले १, अधिक पाच गुणिले उणे २७, म्हणजे १० वजा १३५, उणे १२५. पहिल्या प्रकारचा एक आणि दुसऱ्या प्रकारचे दोन प्रिऑन एकत्र आले की बलाच्या दृष्टीने उदासीन असा एक संयुक्त कण होतो. त्याचा भार १ वजा ३ वजा ३, म्हणजे उणे ५. त्याचा घन उणे १२५. पंधरा घटकांच्या दोन्ही बेरजा एकट्या संयुक्त कणाने भरून काढल्या! मी हा हिशोब विद्यार्थिदशेत प्रथम केला तेव्हा चुकून बरोबर आला असेल असे वाटून पुन्हा केला होता.

मात्र ही जुळणी आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. बेरीज जुळली म्हणून निसर्ग तोच मार्ग घेईल असे सिद्ध होत नाही. न जुळली तर तो मार्ग नक्की बंद आहे, एवढेच कळते. आणि नेहमीच्या प्रबल बलासारखे, म्हणजे डाव्या-उजव्यांना सारखेच वागवणारे बल घेतले, तर मार्ग जवळजवळ बंदच आहे. १९८३ मध्ये डॉन वाइनगार्टन यांनी अशा सिद्धांतांत बॅरिऑनसारखा, म्हणजे प्रोटॉनप्रमाणे तीन घटकांचा, संयुक्त कण सर्वांत हलक्या मेसॉनपेक्षा, म्हणजे घटक आणि प्रतिघटक यांच्या जोडीपेक्षा, हलका असू शकत नाही, अशा आशयाची असमानता सिद्ध केली. म्हणजे इलेक्ट्रॉन जर तीन रिशॉनांचा बॅरिऑन असेल, तर त्याहून हलके मेसॉनही भोवती दिसायला हवेत, आणि ते दिसत नाहीत. प्रोटॉनचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून प्रिऑन कल्पिणाऱ्या बहुतेक कोष्टकांना हा फटका बसतो; तुमच्याही कोष्टकाला बसेल, असे मला वाटते.

कायरल सममितीचा परिणाम इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णावरही दिसतो. इलेक्ट्रॉनला अंतर्रचना असेल तर त्याचे आघूर्ण सिद्धांताने वर्तवलेल्या मूल्यापासून ढळले पाहिजे. किती ढळेल? भाबडा अंदाज असा की वस्तुमान भागिले संयुक्ततेची ऊर्जा, म्हणजे वर काढलेली कोंडमाऱ्याची ऊर्जा, इतके. प्रयोग आणि सिद्धांत यांचा मेळ सुमारे एक लाख कोटीत एक इतका बारीक आहे, म्हणजे या अंदाजाने संयुक्ततेची ऊर्जा सुमारे पाच लाख टीईव्हीच्या वर गेली, आणि एक टीईव्ही म्हणजे दहा लाख एमईव्ही. विषय तिथेच संपतो. पण १९८० मध्ये ब्रॉडस्की आणि ड्रेल यांनी दाखवले की ज्या कायरल सममितीने वस्तुमान लहान ठेवले, तीच हा परिणामही दाबते आणि तो गुणोत्तराच्या वर्गाइतका उरतो. वर्ग घेतला की सीमा एकदम अर्ध्या टीईव्हीवर उतरते. म्यूऑनचे आघूर्ण इतक्या बारकाईने मोजलेले नाही, तरी तो इलेक्ट्रॉनच्या दोनशेपट जड असल्यामुळे त्याच्यावरून मिळणारी सीमा उलट अधिक कडक, काही टीईव्हीची येते. ‘इलेक्ट्रॉनचे आघूर्ण इतके अचूक आहे म्हणून त्याला आकार असूच शकत नाही’ असे विधान कुठे वाचले, तर त्यामागे पहिला अंदाज घेतला आहे की दुसरा, हे आधी पाहावे.

पिढ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे प्रारूपांनी फारसे काही दिले नाही. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनची उत्तेजित अवस्था असावा ही कल्पना पहिल्यांदा सर्वांनाच सुचते. पण उत्तेजित अवस्थांमधील अंतर कोंडमाऱ्याच्या ऊर्जेइतके, म्हणजे लाखो एमईव्हींचे असावे लागते. म्यूऑन तर १०५.७ एमईव्हीवरच बसला आहे. शिवाय उत्तेजित अवस्था प्रकाशकण सोडून खाली येते, जसा उत्तेजित अणू येतो. म्यूऑन इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांत क्षय पावताना कधीच दिसलेला नाही. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेतील मेग प्रयोगाने २०१६ मध्ये लावलेली मर्यादा दहा लाख कोटी म्यूऑनांमागे सुमारे चार अशी होती, आणि पुढे ती आणखी कडक झाली. आणि लेपने झेड बोसॉनच्या (दुबळ्या बलाच्या वाहक कणाच्या) रुंदीवरून हलक्या न्यूट्रिनोंच्या प्रकारांची संख्या २.९८४ मोजली, म्हणजे तीन. उत्तेजनांची शिडी असती तर ती तीन पायऱ्यांवर का थांबावी?

जाता जाता एक विलक्षण गोष्ट. योशिओ कोइदे यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका संयुक्त कणांच्या प्रारूपातून एक सूत्र काढले: इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि त्यांचा तिसऱ्या पिढीतला भाऊ टाऊ यांच्या वस्तुमानांची बेरीज, भागिले त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेचा वर्ग, बरोबर दोन तृतीयांश. त्या काळी टाऊचे मोजलेले वस्तुमान १,७८४ एमईव्हीच्या आसपास होते आणि सूत्र १,७७७ मागत होते, म्हणून त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९९२ मध्ये बीजिंगच्या प्रयोगाने टाऊ नव्याने मोजला आणि तो १,७७७च्या जवळ आला. सूत्र आजही जुळते. ज्या प्रारूपातून ते निघाले, ते मात्र मागे राहिले. यातून काय समजायचे, याबद्दल माझे मत दर काही वर्षांनी बदलते.

प्रोटॉनच्या क्षयाचा मुद्दाही हरारींच्या कोष्टकातच लपलेला आहे. दोन अप क्वार्क म्हणजे ‘ततव’ आणि ‘ततव’. दोघांनी एक ‘त’ आणि एक ‘व’ यांची अदलाबदल केली की ‘ततत’ आणि ‘तवव’, म्हणजे पॉझिट्रॉन आणि प्रति-डाउन. मागे उरलेल्या डाउनशी हा प्रति-डाउन मिळून पायॉन हा मेसॉन होतो आणि प्रोटॉन पॉझिट्रॉन व पायॉन यांत क्षय पावतो. काही टीईव्हीच्या पातळीवर हे मोकळेपणी घडू लागले तर आपण कोणीच उरणार नाही. जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगाने या क्षयासाठी प्रोटॉनचे आयुर्मान १०³⁴ वर्षांहून अधिक असल्याचे दाखवले आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी सहकाऱ्यांबरोबर १९८०च्या सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर याच क्षयाचा शोध सुरू केला होता. त्या काळातील संशयास्पद नोंदींना नंतरच्या मोठ्या प्रयोगांनी दुजोरा दिला नाही. प्रारूप वाचवायचे तर ही अदलाबदल रोखणारी आणखी एक सममिती घालावी लागते, आणि अशी ठिगळे लावत गेले की मूळ सुटसुटीतपणा उरत नाही.

आता त्वरकांवर नेमके काय पाहिले जाते, तेही नीट समजून घेतले पाहिजे. रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये जो डाव खेळला, तोच आजही खेळला जातो: कण किती मोठ्या कोनातून फेकले जातात ते मोजायचे. क्वार्क बिंदुवत असतील तर ग्लुऑनांच्या देवाणघेवाणीमुळे बहुतेक कणझोत, म्हणजे टकरीतून एका दिशेने उडणारे कणांचे पुंजके, मूळ शलाकेच्या आसपासच राहतात. आत घटक असतील आणि त्यांची थेट अदलाबदल होत असेल, तर आडव्या दिशेने जास्त झोत दिसतील. आयख्टन, लेन आणि पेस्किन यांनी १९८३ मध्ये या थेट अदलाबदलीसाठी एक सोयीचे सूत्र दिले, आणि तेव्हापासून सर्व प्रयोग आपले निकाल त्याच परिमाणात, म्हणजे संयुक्ततेच्या ऊर्जेत सांगतात. टकरीची ऊर्जा कमी असूनही एवढ्या वरच्या ऊर्जेची चाहूल कशी लागते, असा प्रश्न पडेल. विद्युत बलाचा जोर सुमारे १/१२८ इतका दुबळा आहे, तर नव्या बलाचा जोर या सूत्रात १ धरलेला असतो. टक्कर २ टीईव्हीची आणि संयुक्ततेची ऊर्जा २० टीईव्ही असेल, तर गुणोत्तराचा वर्ग शंभरांश. पण त्याला १२८ ने गुणले की परिणाम मूळ बलाच्या बरोबरीला येतो.

शिकागोजवळच्या फर्मी प्रयोगशाळेतील सीडीएफ गटाने १९९६ मध्ये २०० जीईव्हीच्या (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) वरच्या आडव्या ऊर्जेचे झोत अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आमच्यासारख्यांची झोप उडाली होती. वर्तमानपत्रांपर्यंत बातमी गेली. पण झोतांची संख्या वर्तवताना प्रोटॉनच्या आत ग्लुऑन किती वाटा उचलतात हे गृहीत धरावे लागते, आणि प्रोटॉनच्या संवेगाचा मोठा हिस्सा घेऊन धावणारे ग्लुऑन तेव्हा नीट माहीत नव्हते. त्या वाटणीत मोजमापांना चालेल इतका फेरफार केला आणि वाढ नाहीशी झाली. कोनांच्या मोजणीनेही संयुक्ततेची बाजू घेतली नाही. म्हणूनच मी विद्यार्थ्यांना नुसत्या संख्येपेक्षा कोनांचे आलेख आधी पाहायला सांगतो: ग्लुऑनांबद्दलचे अज्ञान संख्येला जितके हलवते तितके कोनांना हलवत नाही.

सर्नच्याच लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर, ज्याच्या सीएमएस प्रयोगात मुंबईच्या टाटा संस्थेचाही गट आहे, या सीमा खूप वर गेल्या. तिथल्याच अ‍ॅटलास गटाने इलेक्ट्रॉनांच्या आणि म्यूऑनांच्या जोड्यांवरून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली सीमा सर्वांत कडक बाबतीत ३५.८ टीईव्ही आहे, आणि उत्तेजित क्वार्क ६.७ टीईव्हीपर्यंत नसल्याचे झोतांच्या जोड्यांवरून दाखवले गेले. ३५.८ टीईव्ही म्हणजे क्वार्कचा आकार अमुक मीटरच्या खाली, असे थेट रूपांतर मात्र करू नये. नव्या बलाचा जोर १ धरलेला आहे, तो कमी असेल तर सीमाही त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात खाली येते. उलट, सीमा जितकी वर जाते तितके वर मांडलेले चार लाखांचे प्रमाण आणखी बिकट होते. प्रयोगाने प्रिऑन मारले नाहीत. आधीच असलेले वस्तुमानाचे ओझे दर वर्षी थोडे थोडे वाढवत नेले.

मग या विषयाचे काय झाले? तो मेला नाही, रूप बदलून राहिला. १९८४ मध्ये कॅप्लन आणि जॉर्जाय यांनी हिग्ज बोसॉनच संयुक्त असावा अशी प्रारूपे मांडली, आणि १९९१ मध्ये कॅप्लन यांनी अंशतः संयुक्ततेची कल्पना पुढे आणली: क्वार्क मूलभूतच, पण प्रत्येकात एखाद्या जड संयुक्त कणाची कमी-अधिक भेसळ. टॉप क्वार्कमध्ये भेसळ जास्त म्हणून तो जड, इलेक्ट्रॉनमध्ये नगण्य म्हणून तो हलका. वस्तुमानाच्या प्रश्नाला इथे निदान सरळ तोंड दिलेले आहे, आणि म्हणूनच आज या दिशेने सर्वाधिक काम होते. दुसरीकडे सायबर्ग यांनी १९९४च्या सुमारास अतिसममित सिद्धांतांत (ज्यांत प्रत्येक कणाला वेगळ्या परिवलनाचा जोडीदार असतो) दाखवून दिले की काही परिस्थितीत वस्तुमानरहित संयुक्त कण खरोखरच निर्माण होतात आणि ’ट हूफ्ट यांच्या बेरजा चोख जुळतात. रिशॉनांच्या पडझडीतून बाहेर पडलेला माणूस दहा-बारा वर्षांनी त्याच प्रश्नाचे स्वच्छ उत्तर घेऊन आला, फक्त ते उत्तर आपल्या जगातल्या इलेक्ट्रॉनला अजून लागू पडलेले नाही. २००५ मध्ये बिल्सन-थॉम्पसन यांनी हरारींचे कोष्टक वेण्यांच्या पिळांत बसवून दाखवले. कल्पना मनोरंजक आहे, पण वस्तुमान तिथेही मिळत नाही.

काम करण्यात अर्थ आहे का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. भारांची आणखी कोष्टके करण्यात अर्थ नाही; ती शेकड्यांनी झाली आहेत. एसयू(५)सारख्या, डाव्या-उजव्यांत भेद करणाऱ्या सिद्धांतात बल प्रबळ झाल्यावर नेमके काय घडते, हे मात्र आजही कोणी सिद्ध केलेले नाही. संगणकावर अवकाशाची जाळी मांडून हिशोब करण्याची नेहमीची पद्धत इथे अडखळते, कारण नील्सन आणि निनोमिया यांनी १९८१ मध्ये दाखवल्याप्रमाणे अशा जाळीवर डाव्या कणाबरोबर उजवा जोडीदार आपोआप उगवतो. ही अडचण ओलांडणे हा खरा, चांगला आणि अवघड संशोधनविषय आहे.

सुरुवात करायचीच असेल तर एसयू(५)च्या जागी एसयू(६) घ्या: पंधरा घटकांचा एक प्रिऑन, भार १; आणि सहा घटकांचे दोन सारखेच प्रिऑन, भार उणे २. भारांची बेरीज उणे ९ येईल, घनांची उणे ८१. पहिल्या प्रकारचा एक आणि दुसऱ्या प्रकारचे दोन घेऊन होणाऱ्या संयुक्त कणाचा भार उणे ३, आणि दोन सारख्या प्रिऑनांतून सममित जोड्या तीन होतात, म्हणून असे कणही तीन. दोन्ही बेरजा जुळतात. तीन हा आकडा पाहून लगेच तीन पिढ्या आठवतील. हे तिन्ही कण मात्र एकाच सममितीने एकमेकांत फिरवता येतात, म्हणून त्यांची वस्तुमाने सारखी राहतात, आणि त्यांना ना रंग आहे ना विद्युत भार. त्यांना रंग आणि भार देऊन पाहा, आणि प्रत्येक पावलावर बेरजा पुन्हा मांडा.